जुंपून पाहिलेला लॅपटॉप

"बैल घेताना आपन पहिले काय पाह्यतो? सांग बरं."

"मामाजी, मले बैल नाई घ्याचा. लॅपटॉप घ्याचा आहे."

"तेच तं सांगून राहिलो. पहिले पाह्यतो छाती. मंग पाय. दात सगळ्यात शेवटी, काहून का दात पाहाले कोनालेबी येते. छातीच भरली नसन तं दात मोत्याचे असून काय कराचे? घरी आनून पूजा कराची आहे का त्याची?"

"लॅपटॉपले छाती नसते जी."

"नसते कशी? ज्याले भार आहे त्याले छाती आहे."

करडीच्या धनीराम तुमसऱ्याच्या ओसरीत सकाळच्या चहावर हे चाललं होतं. शिकवणारा धनीराम, शिकणारी त्याची सून रिता. आत चुलीपाशी कौशल्याबाई, म्हणजे धनीरामची बायको, भाताचं पाणी काढता काढता ऐकत होती. तिथूनच ती म्हणाली, "अवो, तिले काय पायजे ते तं विचारा तिले."

"तिले काय समजते? घेनारा मी आहो."

घेणारा म्हणजे पैसे देणारा नव्हे. पैसे रिताचे होते. आमच्या करडीत घेणारा म्हणजे सोबत जाणारा. मोठी वस्तू इथं कुणी एकटा जाऊन घेत नाही, एक जाणता माणूस सोबत न्यायचा असतो. वस्तू चांगली निघाली तर नाव त्या माणसाचं, वाईट निघाली तर नशीब आपलं. गेल्या कित्येक वर्षांपासून करडीतला तो माणूस धनीराम आहे.

सुरुवात बैलांपासूनच झाली. त्यात त्याला खरंच कळायचं, खोटं कशाला बोला. बाजारात शंभर जनावरांतून तो फिरायचा आणि जो बैल महिन्याभरानं लंगडणार, तो त्याला आजच लंगडताना दिसायचा. पण पुढं गावात ट्रॅक्टर आले आणि बैल गेले. बैल गेले तरी धनीरामची पारख घरात शिल्लक उरली, आणि उरलेली वस्तू टाकून देण्याची रीत आमच्याकडं नाही. लोक त्याला पंखा घ्यायला नेऊ लागले. मग मिक्सर, मग सोफा, मग पाण्याची मोटर. धनीराम प्रत्येक वस्तूच्या पाठीवर थाप मारी, उचलून पाही, आणि जी सगळ्यात जड ती पसंत करी. विमलाबाईच्या लेकीसाठी जावईसुद्धा त्यानंच पसंत केला, छाती पाहून. तो जावई आता सासरीच राहून खातो. तब्येत अजून उत्तम आहे.

बरं, त्याला सोबत न नेण्याचीही सोय नव्हती. कुणी परस्पर वस्तू आणली की दुसऱ्या दिवशी धनीराम त्या घरी चहाला जाई. वस्तूकडं पाही, हात लावत नसे. "घेतली? बरं केलं. आता घेतलीच आहे तं वापरा," एवढंच म्हणे. तेवढ्यानं ती वस्तू बसे. घरच्यांनाच तिच्यातून वास येऊ लागे, आवाज येऊ लागे, आणि पोळ्याच्या आत ती कुणाला तरी विकली जाई.

मग त्याच्याच घरातली सून त्याला टाळून लॅपटॉप कशी आणणार?

आणि रिताला लॅपटॉप हवा होता तो मिरवायला नव्हे. मोहाडीच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन ती या घरात आली आणि चार वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवत बसली. नवरा सचिन लोकांचा ट्रॅक्टर चालवतो. मागच्या महिन्यात एका संस्थेनं रिताला काम दिलं. आसपासच्या गावांत जायचं, बचत गटाच्या बायकांसमोर बसायचं आणि त्यांचा हिशोब तिथल्या तिथं कॉम्प्युटरवर चढवायचा. तिच्या स्वतःच्या नावानं निघालेलं हे पहिलं काम. संस्थेच्या मॅडमची अट एकच होती, लॅपटॉप स्वतःचा पाहिजे आणि सोमवारी तो घेऊन हजर व्हायचं. जमत नसेल तर मागं दुसरी पोरगी उभीच होती.

बस जिथं सोडते तिथून पुढं सगळं पायी. तलावाच्या पाळीवरून, बांध्यांच्या, म्हणजे धानशेतांच्या, अरुंद धुऱ्यांवरून. कुठं समाजमंदिरात बसायचं, कुठं झाडाखाली. प्लग असेल तिथं लाइन नसते, आणि लाइन असेल तिथं प्लगमध्ये कुंभारमाशीनं घर केलेलं असतं. म्हणून रितानं मोबाइलवर पाहून पाहून पक्कं केलं होतं, चौदा इंची घ्यायचा, पातळ, दीड किलोच्या आतला, बॅटरी दिवसभर निघेल असा. बाकी साधा. त्यावर तिला सिनेमा बनवायचा नव्हता की रॉकेट सोडायचं नव्हतं. हिशोब, फॉर्म, ई-मेल, संपलं. शिलाईतून साठलेल्या पैशात असा बसत होता, तेही तिनं पाहून ठेवलं होतं.

हे सगळं तिनं धनीरामला दोनदा सांगितलं. त्यानं दोनदा ऐकलं आणि दोनदा म्हणाला, "तू काळजी नोको करू बाई. मी आहो ना."

काळजीचं कारण तेच होतं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं दोघं भंडाऱ्याला गेले. धनीरामनं धुतलेला पायजमा-सदरा घातला होता आणि खांद्यावर लाल काठाचा दुपट्टा, जो तो फक्त सौद्याला काढतो. स्टँडजवळच्या एका दुकानात दोघं शिरले. काउंटरवर चंदन नावाचा पोरगेला सेल्समन उभा होता. रितानं मोबाइलमधला फोटो दाखवला. चंदननं कपाटातून तोच काढून समोर ठेवला, करड्या रंगाचा, पातळ.

"हा पाहा मॅडम. सव्वा किलो. एका हातानं उचलते."

धनीराम पुढं झाला. त्यानं तो दोन बोटांत धरून उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि चंदनकडं पाहिलं.

"आत काई आहे का याच्या?"

"सगळं आहे काकाजी."

"मंग भार कुठी गेला?"

"आजकाल सगळे पार्ट उलीसे, नखाएवढे येतेत ना."

"मानसाची भूक उलीशी झाली का आजकाल?"

रिता मधे पडली. "मामाजी, मले असाच पायजे. दिवसभर खांद्यावर घेऊन चालाचं आहे."

"थांब वो. दुकान का पळून चाललं?" आणि चंदनला, "यापेक्षा भरलेला दाखव. बरगड्या न दिसनारा."

चंदन हुशार होता. दुकानात एक वस्तू बऱ्याच दिवसांपासून पडून होती आणि मालक रोज तिच्याकडं पाहून त्याच्याकडं पाही. तो काउंटरखाली वाकला आणि दोन्ही हातांनी एक काळं धूड वर काढलं. कोण्या पोरानं गेम खेळायला घेतलेला लॅपटॉप होता, आता सेकंड हँड. काउंटरवर ठेवताना काचेचा आवाज झाला. धनीरामचा चेहरा उजळला.

"हा. याले म्हनते."

चंदननं बटण दाबलं. आतला पंखा सुरू झाला आणि बाजूच्या फटीतून गरम वारा सुटला. अक्षरांखाली लाल-हिरवे दिवे लागले. धनीरामनं फटीपाशी तळहात धरला.

"पाह्य बाई, श्वास पाह्य याचा. गरम आहे. नाकातून कशी हवा फेकून राहिला. आन् तो मघाचा? मुका बसला होता. जिवंत आहे का मेला, पत्ता नाई."

"तो आवाज करत नाई हीच तं त्याची खुबी आहे काकाजी," चंदन चुकून खरं बोलून गेला आणि लगेच सावरला. "पन तुमाले पारख आहे. असा नग पुन्हा येत नाई."

येऊ नये म्हणूनच तर मालक देवाजवळ सांगत होता.

धनीरामनं एकेक कळ दाबून पाहिली, बैलाचा जबडा उघडून दात पाहावेत तशी. एक कळ दाबली की वर येत नव्हती. "एक दात हालते," तो म्हणाला. "चालते. वयात आला का एखादा हालतेच." मग पोटाखाली हात घालून उचलला, तोलून पाहिला, खाली ठेवला आणि पाठीवर थाप दिली. पसंती झाली होती.

रिता हळूच म्हणाली, "मामाजी, हा मले नाई उचलनार."

"आज नाई उचलनार. सवय झाली का उचलन. पहिल्याच दिवशी कोन्या गोऱ्ह्यानं जू घेतलं आहे खुशीनं?"

आता भाव. धनीरामनं खांद्यावरचा दुपट्टा काढला, चंदनचा हात हातात घेतला आणि वरून दुपट्टा टाकला. बैलबाजारात भाव तोंडानं होत नाही, कापडाखाली बोटांनी होतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. चंदनला यातलं काही ठाऊक नव्हतं. धनीराम त्याची दोन बोटं दाबे, सोडी, मग तीन दाबे, आणि डोळे मिटून वाट पाही. चंदनला घाम फुटला. तेवढ्यात मालक घनश्यामशेठ जेवून आले.

"शेठ," चंदन म्हणाला, "काकाजी माही नाडी पाहून राहिले. मले तं काई झालं नाई."

घनश्यामशेठनी दुपट्टा पाहिला, धनीरामला पाहिलं, काउंटरवरचं काळं धूड पाहिलं, आणि परमेश्वर आहे याची त्यांना खात्री पटली. "हट तिकडे," म्हणून त्यांनी चंदनला सरकवलं आणि स्वतःचा हात कापडाखाली घातला. शेठचं बालपण खेड्यातलं. बोटं बोलू लागली. बराच वेळ दुकानात फक्त पंख्याचा आवाज येत राहिला. मग धनीरामनं दुपट्टा झटकला.

"झाला सौदा."

रिता भिंतीला टेकून उभी होती. कापडाखालचा सौदा मोडत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मोडणाऱ्याला बाजारात पुढं कुणी उभं करत नाही, आणि धनीरामनं जन्मात एकही मोडला नव्हता. आता 'नको' म्हणणं म्हणजे सासऱ्याला भर दुकानात खोटा पाडणं. आणि 'हो' म्हणणं म्हणजे सोमवारी मॅडमसमोर हे धूड घेऊन जाणं, किंवा न जाणं. तिनं बयाण्याचे पैसे काढायला पर्स उघडली आणि तशीच थांबली.

"मामाजी, सौदा झाला ते झालं. पन जुंपून पाह्याचं रायलं ना?"

घनश्यामशेठचं पान चघळणं थांबलं.

ही दुसरी रीत. बैल ठरला तरी एक दिवस तो घेणाऱ्याच्या गाड्याला जुंपून पाहायचा. खोड निघाली तर बैल परत, बयाणा परत, भांडण नाही. धनीराम हे कितीदा ओसरीत बसून सांगत आला होता, आणि रिता कितीदा कंटाळून ऐकत आली होती.

"बरोबर बोलते पोरगी," धनीराम अभिमानानं म्हणाला. "घरचीच आहे आखरीले. काय शेठ?"

शेठला काय म्हणता येणार होतं? त्यांनी बयाणा मोजून घेतला. "न्या. उद्या बारापर्यंत. खोकं इथंच राहू द्या, बॅगेत घालून न्या."

"टोली गावाले आज मले दिलेल्या बचत गटाची सभा आहे," रिता म्हणाली. "तिथंच जुंपू. पन मामाजी, जुंपताना कासरा पारख्याच्या हाती रायते म्हनता ना तुमी?"

"म्हंजे? दुसऱ्याच्या हाती कासरा देत असते का कोनी?"

असं म्हणून धनीरामनं बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर, जो चांगल्या भाजलेल्या विटेएवढा होता.

बसमध्ये त्यानं बॅग मांडीवर ठेवली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय आहे काका, ट्रॅक्टरची बॅटरी का?" धनीरामनं त्याला उत्तर द्यायच्या लायकीचा समजलं नाही. तरी फाटा येईपर्यंत त्याच्या एका पायाला मुंग्या आल्या होत्या आणि उतरताना तो थोडा लंगडला. बैल असता तर त्यानंच नापास केला असता.

फाट्यावरून टोली म्हणजे तलावाची अख्खी पाळ आणि पुढं बांध्यांचे धुरे. धान कापून झालं होतं, बांध्यांत नुसती धसकटं उभी होती. रिता पुढं चालत होती, मागं धनीराम. पाळीच्या सुरुवातीला बॅग उजव्या खांद्यावर होती. आंब्यापाशी ती डाव्या खांद्यावर गेली. सांडव्यापाशी परत उजव्यावर आली. पुढं एका ठिकाणी धनीराम उभा राहून तलावातली बदकं पाहू लागला. आयुष्यात त्यानं बदकांकडं कधी पाहिलं नव्हतं.

"लय भार झाला का मामाजी?"

"भार कायचा? पानी किती उरलं ते पाहून राहिलो."

धुऱ्यावर चढल्यावर रितानं मागं वळून पाहिलं. धनीरामनं दुपट्ट्याची चुंबळ केली होती आणि बॅग डोक्यावर घेतली होती, धानाचा भारा घ्यावा तशी.

टोलीच्या समाजमंदिरात गटाच्या बायका जमल्या होत्या. अध्यक्षीण कलाबाई, जिच्या तोंडाला टोलीत कुणी लागत नाही, ती मधोमध बसली होती. लाइन सकाळपासून गेलेली. रितानं लॅपटॉप काढला, सतरंजीवर ठेवला आणि बटण दाबलं. पंखा घुरघुरला तशा पुढच्या बायका मागं सरकल्या.

"उडते का वो हे?" कलाबाईनं विचारलं.

रितानं मांडीवर घेतला, लगेच खाली ठेवला, तापला होता. गटाचं नाव लिहिलं. पहिल्या बाईचं नाव लिहिलं. दुसऱ्या बाईच्या आडनावापाशी पडदा काळा झाला आणि घुरघुर बंद पडली.

"मेला का?"

"बॅटरी उतरली, काकू."

"आता तं उठला होता. इतक्यात दमला?" कलाबाईनं दारात बसलेल्या धनीरामकडं पाहिलं. "धनीरामभाऊ, तुमी सोबत गेलते का घ्याले?"

"हो."

"मंग बरोबर आहे. आमच्या मोटरीचंबी असंच आहे."

"तुमच्या हिरीचं पानी कसं आहे ते पाहा पहिले," धनीराम म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता.

बायका थोडा वेळ बसल्या. मग एकेक उठल्या, प्रत्येकीचं धान खळ्यावर पडलं होतं. जाता जाता एक म्हणाली, "पुढच्या बारीले जनरेटर घेऊन ये वो रिता." सगळ्या हसल्या. रितासुद्धा हसली आणि लॅपटॉप बॅगेत घालायला खाली वाकली.

"मामाजी," ती खाली पाहतच म्हणाली, "सोमवारी मॅडमसमोर असं झालं तं काम दुसरीले जाईन."

बॅग उचलायला धनीराम उठला तर रितानं ती आधीच खांद्यावर घेतली होती.

परतताना ती पुढं आणि तो मागं. धुरा बोटभर रुंद. रिता एका बाजूला कलून चालत होती. थोडं चालून थांबे, पट्टा सरकवी, दुसऱ्या बाजूला कले. धनीराम पाहत होता. छाती, वजन, श्वास यांत तो चुकला असेल, पण मागून चाल पाहण्यात त्याची नजर अजून शाबूत होती. असा कलून चालणारा बैल त्यानं बाजारात दुरूनच सोडून दिला असता. खांदा गेलेलं जनावर पुढच्या हंगामाला जुवाखाली उभं राहत नाही. आणि इथं हंगाम सुरूसुद्धा व्हायचा होता.

"आन इकडे," तो म्हणाला.

"राहू द्या जी. सवय होईन."

"आन म्हनलं ना."

फाट्यापर्यंत मग बॅग धनीरामच्याच खांद्यावर राहिली.

घरी आल्यावर कौशल्याबाईनं काही न विचारता तेल गरम केलं, त्यात हळद टाकली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हळद लावून बैलांचे खांदे शेकतात. धनीराम सदरा काढून ओसरीत बसला आणि ती त्याचा खांदा चोळू लागली.

"यंदा पोळा लवकर आला म्हनाव."

"चोळ ना गुपचूप."

"चोळून राहिली ना. शिंगं रंगवू का आता, का उद्या?"

आत रिताला ठसका लागला. धनीरामनं घसा खाकरला आणि जाहीर केलं, "बसका आहे."

"कोन? तुमी?"

"ते मशीन वो. अर्ध्या वाटेत बसते. बसक्या जनावराले खोड म्हनते."

"चार्जिंग नाई रायत त्यात," आतून रिता म्हणाली.

"तेच सांगून राहिलो. बसका."

कौशल्याबाईला बसका काय अन् चार्जिंग काय, पण नवरा सौद्यातून बाहेर पडायची वाट शोधतो आहे एवढं तिला तळहाताखालच्या खांद्यावरूनच कळलं. ती म्हणाली, "मंग बसक्याले ठेवते का कोनी? उद्याच फिरवा."

शनिवारी बाराच्या आत धनीराम पुन्हा भंडाऱ्याच्या दुकानात उभा होता. मागं रिता. घनश्यामशेठनी बॅग पाहिली आणि त्यांचं तोंड उतरलं.

"बसका निघाला शेठ."

"अवो, सेकंड हँडची बॅटरी थोडीशी..."

"भर सभेत बसला. बायका पाहून राहिल्या होत्या."

शेठनी आणखी एक-दोन वाटा शोधल्या. बॅटरी बदलून देतो म्हणाले, सोबत माउस फुकट देतो म्हणाले. धनीरामनं दुपट्टा खांद्यावरून हलवला नाही. दुपट्ट्याखाली हात घातलेला माणूस दुपट्ट्याचे सगळेच नियम मानतो, अर्धे नाही. शेवटी शेठनी बयाणा परत दिला आणि चंदनकडं असं पाहिलं की चंदन लॅपटॉप घेऊन काउंटरखालीच बसला.

"कालचा तो पातळा काढ," धनीराम म्हणाला.

चंदन उठला. "काकाजी, कालच तं तुमी म्हनलं का भार कुठी गेला."

"काल मी वखराचा बैल पाहून राहिलो होतो. आज शंकरपटाचा पाहून राहिलो. पटात पळते त्या बैलाले पोट पाह्यलं का कधी तू? कंबर कशी रायते त्याची?"

"बारीक."

"मंग? ज्याले पळवाचं आहे त्याले भरलेला घेऊन काय करू? एवढं समजत नसन तं दुकानात काहून उभा रायते बाप्पा."

चंदननं पातळ लॅपटॉप काढला. या वेळी धनीराम दारात जाऊन उभा राहिला आणि रस्त्यावरची रिक्षा पाहू लागला. आत रितानं चार्जरची वायर काढायला लावली आणि तशीच काम करत बसली. टायपिंग केलं, मोबाइलचं इंटरनेट जोडून एक फॉर्म भरून पाहिला. उचलून दारापर्यंत आणला, उन्हात अक्षरं दिसतात का ते पाहिलं. मांडीवर ठेवला, तापतो का ते पाहिलं. पक्कं बिल आणि वॉरंटी मागितली. कंपनीच्या जाहिरातीत बॅटरीचे तास जास्त लिहिले होते, खरे किती ते चंदनला तोंडावर विचारलं, आणि त्यानं कमी करून सांगितल्यावर तेवढेही पुरतात म्हणाली. बराच वेळ गेला. धनीराम दारातून एकदाच वळला.

"दात पाह्यले का?"

"पाह्यले जी."

"सगळे?"

"सगळे."

"मंग घे."

येताना बसमध्ये लॅपटॉपची बॅग रितानं मांडीवर घेतली. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा धनीराम म्हणाला, पटाचा आहे, आणि मोहाडी जाईपर्यंत समजावून सांगत राहिला.

सोमवारी सकाळी रिता पाठीवर बॅग अडकवून निघाली, तेव्हा सरळ चालत होती. पार दिसेनाशी होईपर्यंत धनीराम खळ्यावरून पाहत राहिला. संध्याकाळी मॅडमनी काम पक्कं केल्याचा रिताचा फोन सचिनला आला, आणि त्याआधी दुपारपर्यंतच गावात पसरलं होतं की धनीरामनं सुनेसाठी असा लॅपटॉप काढला की भंडाऱ्यातल्या दुकानदाराला स्वतःच्या दुकानात असला आहे हे ठाऊक नव्हतं. शुक्रवारचं काळं धूड कुणी पाहिलंच नव्हतं, टोलीच्या बायका सोडून. आणि टोलीच्या बायकांचं करडीत कोण ऐकतं?

खळ्यावर त्या दिवशी धनीरामच्या धानाचा चुरणा, म्हणजे मळणी होती. पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची रचलेली रास, फोडून भारे मशीनजवळ आणायचे होते. शेजारचा बाबूलाल मदतीला आला होता.

"धनीरामभाऊ, पातळा घेतला म्हने. मी तं आजवर तुमच्याच तोंडून ऐकलं का भारी घ्याव."

"कोनतं काम आहे त्यावर रायते गा. पहिले काम विचाराव, मंग जनावर पाह्याव. मी तं नेहमीच सांगत आलो."

बाबूलालनं आठवून पाहिलं. असं त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. पण धान धनीरामचं होतं, जेवण धनीरामच्या घरी होतं.

"हो, सांगत आले," तो म्हणाला. "आमचा भूपेंद्रबी मागून राहिला एक. कॉलेजसाठी. येसान का सोबत?"

"येतो ना. त्याची चाल पाह्य पहिले."

"कोनाची? लॅपटॉपची?"

"भूपेंद्रची."

मशीन सुरू झाली आणि पुढचं बोलणं धुरळ्यात गेलं. धनीरामनं दुपट्ट्यानं नाक-तोंड बांधलं, पुंजण्यातून पहिला भारा ओढला आणि डाव्या खांद्यावर घेतला. उजवा अजून ठणकत होता.